आप्पांची तोंडी परीक्षा

आप्पा हालगे हॉटेलात गेले की आधी खिशातलं लाल पेन काढायचे. मेनूकार्ड नंतर, पाणी त्याच्याही नंतर. वेटर आला की चष्म्यावरून त्याच्याकडं बघत विचारायचे, "काय, पेपर किती मार्कांचा?" तो बिचारा म्हणायचा, "साहेब, पेपर नॅपकिन टेबलावरच हायेत."

जेवण झालं की फुलस्केप कागदावर निकाल. शंभरपैकी मार्क, पास व्हायला पस्तीस, आणि चुकीला उणे गुण. पनीर रबरी निघालं, उणे चार. वरणात हिंग नसताना वेटरनं आहे म्हणून सांगितलं, उणे दहा, कारण आप्पांच्या मते ही चूक नव्हे, ही कॉपी. औशाच्या रस्त्यावरच्या एका ढाब्याला त्यांनी चक्क एटीकेटी दिली होती. भाकरीत पास, भाजीत नापास, भाजीचा पेपर पुढच्या महिन्यात परत द्यायचा. आणि त्या ढाबेवाल्यानं तो खरोखर दिला हो! वांग्याची भाजी समोर ठेवून हात बांधून उभा राहिला. आप्पांनी त्याला एक्केचाळीस दिले आणि म्हणाले, "काठावर हायस. अभ्यास कमी पडून राहिला."

तुम्ही म्हणाल, हे सगळं तुम्ही सहन कसं करत होता? अहो, आम्ही मास्तर. त्यातून लातूरचे, आणि त्यातून क्लासमधले. त्या काळात आमच्या गावात दर महिन्याला एक क्लास आणि दोन मेस उघडत होत्या. अख्ख्या महाराष्ट्रातून पोरं ट्रंका घेऊन उतरायची. त्यांच्या आया नवरा-संसार टाकून इथं एकेका खोलीत राहायच्या आणि पोराला डबा करून घालायच्या. चौकाचौकात टॉपर पोरांचे फलक लागायचे, पुढाऱ्यांच्या फलकांपेक्षा मोठे. आणि आम्ही भल्या पहाटेच्या पहिल्या बॅचपासून घसा फोडून पर्याय अ, पर्याय ब करत असायचो. महिन्यातून एका रविवारी दुपारी तरी तोंडाला दुसरं काही लागावं, म्हणून आम्ही सात जणांनी भोजन मंडळ काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'रविवार चाचणी मंडळ'. घ्या! जेवायला निघालो तरी परीक्षाच. दुसरं काय येतं आम्हाला?

आप्पा वनस्पतिशास्त्राचे. उंच, काटकुळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बिस्किटी रंगाचा सफारी. मंडळाचे तेच परीक्षक, आणि ते पद त्यांना कुणी दिलं नव्हतं. ते त्यांचंच होतं. तरुणपणापासून लातूरच्या लग्नांत पंगत बसायच्या आधी आचारी आप्पांना बोलवून आणायचे. आप्पा आमटीच्या पातेल्यावर नुसते वाकायचे आणि सांगायचे, "धने भाजताना लक्ष कुठं होतं तुझं?" आचारी कान धरायचा. हे मी ऐकलेलं नाही, माझ्या स्वतःच्या लग्नात बघितलेलं आहे.

मंडळातली त्यांची रीत अशी. ताटं आली की सगळ्यांनी पहिला घास घ्यायचा, आप्पा मात्र हाताची घडी घालून बसणार. एकेकाच्या तोंडाकडं बघणार. मग सावकाश स्वतःचा घास. मग आम्ही एकेकानं मत द्यायचं, आणि सगळ्यांत शेवटी आप्पा. "परीक्षक शेवटी बोलतो," हा त्यांचा नियम. आणि बोलायचे ते असं, की आपण जेवलोच नाही असं वाटावं. "पठाण सर, छान छान म्हणता, पण दुसरा घास उचलायला तुम्हाला उशीर कामून झाला? तेल जुनं हाय. खरं बोला." गणिताचे पठाण सर कपाळावर हात मारायचे. "या अल्ला, आप्पा, सही बात है." आम्ही सगळे माना डोलवायचो.

मीही डोलवायचो, पण माझ्या पोटात जळायचं. आता लपवून काय करू? माझ्या घराच्या वास्तुशांतीला मंडळाला बोलावलं होतं. आमच्या हिनं सकाळपासून चुलीशी उभं राहून बासुंदी आटवली. आप्पांनी तिला चौतीस दिले. चौतीस! पासाला पस्तीस. आणि तो कागद दुसऱ्या दिवशी क्लासच्या स्टाफरूममध्ये फळ्यावर चिकटवला, कारण निकाल जाहीर करायचा असतो. शिपायापासून संचालकापर्यंत सगळ्यांनी वाचला. मी म्हटलं, "आप्पा, एक मार्क ग्रेस द्यायला काय झालं होतं?" तर म्हणाले, "कुलकर्णी, आज बासुंदीला दिला, उद्या तुम्ही पोरांना द्याल." हिनं त्यानंतर बासुंदी केली नाही. केलीच नाही. पाहुण्यांसाठी विकत आणतो आम्ही.

तर एक दिवस काय झालं. क्लासनं एक छोटी प्रयोगशाळा केली होती, पालकांना दाखवायला. तिथं मी रसायनशास्त्राचा मास्तर म्हणून हायड्रोजन सल्फाइडचं प्रात्यक्षिक लावलं. हा वायू म्हणजे सडक्या अंड्यांचा घमघमाट. त्या दिवशी उपकरणाची तोटी बसेना आणि वास सगळ्या मजल्यावर पसरला. पोरं नाकाला रुमाल लावून जिन्यानं पळाली. पठाण सर उलटी करायला धावले. मी खिडक्या उघडत शेजारच्या खोलीत गेलो, तर आप्पा डबा उघडून बसलेले. भाकरी मोडत म्हणाले, "या कुलकर्णी. हिनं कारळ्याची चटणी पाठवली हाय. काय खमंग वास हाय बघा!"

मी तिथंच उभा राहिलो. आधी हसू आलं, मग डोक्यात उजेड पडला. या माणसाला वास येत नाही. काडीचाही येत नाही. आंबट, खारट, गोड, तिखट एवढं जिभेला कळत असेल, दाताखाली काय आलं ते कळत असेल, बाकी सगळा कारभार दुसऱ्यांची तोंडं बघून! आम्ही घास घ्यायचा, आमच्या भुवया बघून यांनी मार्क द्यायचे! आणि माझ्या बायकोला चौतीस!

का येत नाही, कधीपासून येत नाही, हे प्रश्न मला पडले नाहीत. आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारले, पण तो एक प्रश्न सुचला नाही. मला फक्त ते लाल पेन दिसत होतं. ते मला हवं होतं, आणि सगळ्यांच्या देखत हवं होतं.

संधी चालून आली ती ओंकारच्या रूपानं. ओंकार आमच्याच क्लासचा जुना विद्यार्थी, हुशार पोरांच्या सुपर बॅचमधून गाळला म्हणून दुसऱ्या क्लासात गेलेला. पुढं हैदराबादला जाऊन हॉटेलचा कोर्स करून आला आणि लातुरात त्यानं असं हॉटेल काढलं, की ज्यात पूर्ण अंधारात जेवायचं. मोबाईल, घड्याळं बाहेर ठेवायची, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून आत जायचं, ताटात काय आहे ते दिसायचं नाही, ओळखायचं. जागा त्यानं घेतली होती बंद पडलेल्या एका क्लासच्या हॉलची. त्याला भिंती काळ्या करण्यापलीकडं काही करावं लागलं नाही. खिडक्या आधीच बुजवलेल्या होत्या, पोरांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून. मी बघायला गेलो तेव्हा तो माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, याच हॉलमध्ये दोन वर्षं बसलो मी. तेव्हाही काय चाललंय ते दिसत नव्हतं."

मी हसलो आणि त्याला माझं काम सांगितलं. "आमचं मंडळ आणतो. एक पदार्थ असा कर, की दाताला काहीच लागू नये, नुसतं गुळगुळीत. पण लातूरच्या शेंबड्या पोरालाही वासावरून ओळखता यावा." ओंकारनं क्षणभरही विचार केला नाही. "मग भज्जी करतो, सर. येळवशीची."

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावं ओस पडतात, सगळे शेतावर. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या, हिरवी चिंच, बेसन, असं सगळं एकत्र शिजवून जी भज्जी होते, तिचा वास इतर कशालाच येत नाही. दूर नोकरीला गेलेली माणसं त्या एका भज्जीसाठी रजा टाकून येतात. ओंकार ती वाटून, गाळून, छोट्या ग्लासात देणार होता.

बैठकीत मी ठराव मांडला. यंदाचं सहकुटुंब जेवण ओंकारकडं, आणि अंधारात लिहिता येत नाही म्हणून परीक्षा तोंडी. "आणि एक बदल," मी म्हटलं, "या वेळी परीक्षक पहिल्यांदा बोलेल. आपण वर्षानुवर्षं आप्पांच्या आधी बोलून त्यांचा वेळ घेतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "अंधारात जेवायचं म्हणजे काय मजा, कुलकर्णी? जेवणाऱ्याचं तोंड दिसाया पाहिजे."

"का बरं?" मी विचारलं. केवढ्या साळसूदपणानं विचारलं म्हणून सांगू!

"काही न्हाई," म्हणाले. ते येणारच नाहीत असं मला वाटलं होतं. पण त्यांच्या बायकोला, आमच्या वैनींना, ही बातमी आमच्या हिच्याकडून कळली होती आणि त्या कधी नव्हे ते हौसेनं तयार झाल्या. वैनींनी उभं आयुष्य लोकांना वाढलं. आपल्याला कुणी वाढणार म्हटल्यावर त्यांनी कपाटातली इरकल साडी काढली.

रविवारी भर दुपारी आम्ही चौदा जण खांद्यावर हात ठेवून त्या काळोखात शिरलो. बायका खिदळत होत्या. माझ्या पुढं वैनी, त्यांच्या पुढं आप्पा. "दार कोणत्या अंगाला हाय?" आप्पांनी विचारलं. ओंकारनं सांगितलं. बसल्यावर परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, "आप्पा, पेपर सोडून पळायचा विचार आहे काय?" अंधारात हशा पिकला. आपलं तोंड कुणाला दिसत नसलं, की माणूस काय काय बोलतो.

पहिला पदार्थ तोंडात घातल्याबरोबर कुरकुरला आणि आत आंबट पाणी फुटलं. आप्पा म्हणाले, "पाणीपुरी हाय. पुरी नाचणीची. पंचेचाळीस." बरोबर. दुसरी थंडगार फोड, तिखटमिठाची. आप्पांनी दाताखाली बिया चावल्या असणार. "पेरू. पिकायला दोन दिवस बाकी. पन्नास." बरोबर. टाळ्या. पठाण सर ओरडले, "वा उस्ताद!" मला घाम फुटला.

मग ग्लास आले. टेबलावर ठेवायच्या आधीच वास आला. काय सांगू तुम्हाला! त्या कोंदट हॉलमध्ये एकदम रान आलं. माझ्या डाव्या हाताला आमची ही, ती हळूच "अगंबाई" म्हणाली. खुर्च्या सरकल्या. सगळ्यांना कळलं होतं, चौदापैकी तेरा जणांना, आणि सगळे नियमाप्रमाणं गप्प बसून परीक्षकाची वाट बघत होते.

आप्पांनी एक घोट घेतला तो ऐकू आला. मग दुसरा. मग तिसरा.

"अहो," वैनींचा आवाज आला, घाईघाईचा, "आपल्या अक्काकडं येळ…"

"वैनी!" मी ओरडलो. "कॉपी चालणार नाही. परीक्षकाला सांगायचं नाही." लोक हसले.

आप्पांनी घसा साफ केला. "टोमॅटोचं सार हाय," म्हणाले. आवाज नेहमीचा, वर्गातला. "बेसन लावलंय. दालचिनीचा वास जरा पुढं पुढं करून राहिला. चाळीस देऊ."

कुणीच हसलं नाही. तेच वाईट झालं. हसले असते तर चेष्टेत निघून गेलं असतं. मग पठाण सर, काय घडलंय ते त्यांना अजून समजलंच नव्हतं, भाबडेपणानं म्हणाले, "आप्पा, मजाक कर रहे क्या? भज्जी है ना ये! येळवस की भज्जी! हमारे घर में भी आती, हर साल, तुम्हारेच घर से."

आता मी थांबायला हवं होतं. माणूस असतो तर थांबलो असतो. मी म्हणालो, "पठाण सर, आप्पांना वासच येत नाही. कधीच येत नाही. इतकी वर्षं आपली तोंडं बघून मार्क देतायत ते. आज तोंडं दिसेनात, नापास झाले."

बास. एवढंच बोललो. त्याच्यासाठी महिनाभर खपलो होतो.

ओंकारला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं मधेच दिवा लावला. सगळे डोळे चोळत होते. आप्पांचा ग्लास रिकामा होता. वैनींनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि आप्पा वैनींकडं बघत होते. आमच्याकडं नाही. मग उठले, खिशातलं लाल पेन काढलं, माझ्या ग्लासाशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "घ्या, कुलकर्णी. तुमचंच हाय." दोघं दाराकडं गेले. घरी येताना आमची ही माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं होतं, चौतीस मार्कांचा हिशेब चुकता केला म्हणून खूश होईल.

पुढच्या महिन्यात मी परीक्षक म्हणून बसलो. तिघे आले. त्यातले पठाण सर जेवले नाहीत, चहा पिऊन गेले. त्याच्या पुढच्या महिन्यात मी एकटाच होतो. असं आमचं मंडळ संपलं. आप्पांनी क्लासही सोडला. त्यांच्या जागी एक तरुण मास्तर आला. तो झाडापानांची नावं शिकवत नाही, ती कशी पाठ करायची ते शिकवतो.

शेवटी एक दिवस धाडस करून आप्पांच्या घरी गेलो. सकाळची वेळ होती. आप्पा मठात गेले होते. वैनींनी 'या' म्हटलं, स्वयंपाकघराच्या दाराशी पाट दिला आणि आत भाकरी थापत राहिल्या. मी माफी मागायला गेलो होतो, पण मी काहीतरीच विचारलं, "कधीपासून हो, वैनी?"

"भूकंपापासून." भाकरी तव्यावर टाकून त्यांनी वरून पाणी फिरवलं. "यांची थोरली बहीण, अक्का, किल्लारीकडं दिलेली. त्या सकाळी खबर आली तशे हे मोटारसायकल घेऊन गेले. मातीचं जड माळवद, सगळंच्या सगळं खाली बसलेलं. हातानं माती उपसली यांनी. वरनं अजून एक धक्का बसला, तवा एक वासा डोक्यात पडला. अक्का सापडल्या तिसऱ्या दिवशी. सरणं तर काय, मोजायची सोय नव्हती. घरी आले अन् आंघोळीला बसले. म्हणायचे, वास जाईना. दिवसातून चारदा आंघोळ. आठ दिवस तेच, वास जाईना. अन् मग एक दिवस म्हणायचं बंद झाले. मला वाटलं, बरं झालं बाई, गेला एकदाचा."

भूकंपाआधीच्या माझ्या लग्नात आमटीच्या पातेल्यावर वाकलेले आप्पा मला आठवले.

"त्याच दिवाळीला खीर बुडाला लागली माझी. घरभर करपट वास. अन् हे म्हणतात, वा, वेलदोडा झकास पडलाय! वेलदोडा मी टाकलाच नव्हता. तवा समजलं मला. पण बोलले न्हाई. मला कळू नये म्हणून त्यांची धडपड चाललेली, मी कशाला बोलू? मग मी काय करायची, आधी घास घ्यायची अन् तोंड करायची. खमंग झालं की डोळे मिटायची, करपलं की नाक मुरडायची. जरा जास्तच करायची. त्यांना वाटायचं, आपण वळखलं. मग सांगायचे, आज लसूण बरोबर पडला, आज फोडणी कच्ची. वीस वर्षं, सर. आमच्या घरात जेवताना लई बोलणं व्हायचं."

"आणि आता?"

"त्या दिवशी चालत घरी आलो. मी विचारलं, मला तरी कामून सांगितलं न्हाई? तर म्हणाले, लोकांची घरंच्या घरं गेली, अक्का गेली, अन् मी काय सांगत बसू, माझं नाक गेलं म्हणून? तवा माझ्या तोंडून निघून गेलं, मला ठाऊक होतं. तिथं चुकलं माझं. तवापासनं बोलणं बंद. मी ताट वाढते, ते जेवतात, मी ताट उचलते. मी तोंड केलं तर खाली बघतात." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तुमी त्यांचं पेन घेतलं, त्याचं काही न्हाई. पण हे बरं न्हाई केलं, सर."

मी 'चुकलं' म्हणालो की नाही, आठवत नाही. म्हणालो असलो तरी तव्यावरच्या आवाजात ते गेलं असेल.

तेवढ्यात आप्पा आले. मला बघून थबकले. वाटलं, आता हाकलतील. पण घरी आलेल्या माणसाला उपाशी पाठवायची त्या घरात रीत नव्हती. "बसा," म्हणाले. तीन ताटं वाढली. मेथीची भाजी, लसणाची फोडणी दिलेली डाळ, ज्वारीची भाकरी, कांदा. वैनीही आमच्याबरोबरच बसल्या, माझ्यामुळं असेल. भाकरी मोडल्याचा तेवढा आवाज. ही शांतता मी आणलेली होती, आणि ती मोडायची अक्कल माझ्यापाशी नव्हती.

आप्पांनी डाळीत भाकरी कुस्करली. घास तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. ताटाकडं बघतच, हलक्या आवाजात म्हणाले, "कसला वास येतोय गं?"

वैनींचा हात थांबला. आधी त्यांना कळलंच नाही. मग त्या जरा पुढं सरकल्या. "लसणाचा," म्हणाल्या. "लाल झाला जरा जास्त. त्यामुळं थोडा करपट हाय."

"हं. अन् भाजीचा?"

"मेथीचा…" वैनी अडल्या. मेथीचा वास कसा सांगायचा? वर बघून त्यांनी विचार केला, ताटाशी वाकून परत वास घेतला. "जरा कडसर हाय. हिरवा. सकाळी जुडी सोडली तवा हाताला लई येत होता, आता शिजून कमी झाला."

"अन् भाकरीचा?"

"भाकरीचा गोड. कडेला तव्याचा. थांबा, ही गरम हाय, हिचा जास्त येतोय." त्यांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून त्यांच्या ताटात ठेवली.

आप्पांनी घास घेतला आणि सावकाश चावला. "सांग की पुढं," म्हणाले. वैनी कांद्याचा सांगायला लागल्या, मग माठातल्या पाण्याचा, मग मागच्या अंगणात वाळत घातलेल्या गोवऱ्यांचा. आप्पा ऐकत होते आणि जेवत होते.

मी खाली मान घालून माझं ताट संपवलं. जेवण कसं झालं होतं, ते मला कुणी विचारलं नाही.